जहाज वाचवणे सोपे, सांभाळणे कठीण

विद्यार्थी मित्रांनो, पालकहो आणि विश्वस्त मंडळाचे मान्यवर सदस्यहो,



गेल्या ४ डिसेंबरला, नौदल दिनाच्या निमित्ताने, आम्ही आठवीच्या वर्गावर एक तास घेतला. १९७१ च्या युद्धात 'विक्रांत' या विमानवाहू नौकेने केलेली कामगिरी सांगत होतो. मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला आणि विचारले, "सर, विक्रांत तर २०२२ मध्ये कोचीला नौदलात आली. मग ती १९७१ मध्ये कशी लढली?" प्रश्न अगदी रास्त होता. आम्ही सांगितले, की बाबा, विक्रांत दोन. नवी आहे तिला जुनीचेच नाव दिले. लगेच दुसरा प्रश्न आला, "मग जुनी कुठे ठेवली आहे?"

"ठेवली नाही. भंगारात विकली," आम्ही म्हणालो.

वर्ग क्षणभर गप्प झाला. मग एक मुलगी म्हणाली, "आपण सगळ्यांनी पैसे जमवले असते तर?"

या प्रश्नाला वर्गात आम्ही नीट उत्तर देऊ शकलो नाही. तास संपल्याची घंटा झाली म्हणून सुटलो, असे म्हटले तरी चालेल. ते उत्तर आज या पानावर देण्याचा प्रयत्न आहे. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, मराठी घरातली. तेव्हा भाषेत काही उणे दिसले तर पदरात घ्यावे, पण मुद्दा मात्र अवश्य विचारात घ्यावा.

आधी विक्रांतची कहाणी. इंग्लंडमध्ये १९४५ साली 'हर्क्युलिस' या नावाने ही नौका पाण्यात उतरली, पण महायुद्ध संपल्याने अपुरीच पडून राहिली. १९५७ मध्ये भारताने ती विकत घेतली, पुरी करून घेतली आणि ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे श्रीमती विजयालक्ष्मी पंडित यांच्या उपस्थितीत ती 'विक्रांत' म्हणून भारतीय नौदलात दाखल झाली. १९७१ मध्ये तिच्या एका बॉयलरला तडे गेलेले होते, वेग कमी झाला होता. तरीही तिच्यावरून उडालेल्या विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाव बंदरांवर मारा केला. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली आणि २००१ पासून मुंबईत संग्रहालय म्हणून लोकांना पाहायला मिळू लागली.

त्या दिवसांत आपल्या विद्यालयाची सहल मुंबईला गेली होती, तेव्हा आम्ही साधे शिक्षक होतो. समुद्रच पहिल्यांदा पाहणारी आपली ग्वाल्हेरची मुले त्या नौकेच्या पोटातल्या हँगरमध्ये उभी राहून 'सी हॉक' आणि 'अलिझे' विमाने बघत होती. एकाने लोखंडी भिंतीवर हात ठेवला आणि तळहाताला लागलेला तांबूस गंज आम्हांला दाखवला. आम्ही म्हणालो, "हात धुऊन घे." याहून जास्त काही त्या वेळी आमच्या मनात आले नाही. आज वाटते, त्या मुलाने आम्हांला पुढचे सगळे दाखवले होते.

२०१२ मध्ये नौका धोकादायक झाली म्हणून संग्रहालय बंद झाले. कायमची जागा, कायमचा पैसा आणि कायमचा जबाबदार माणूस, या तिन्ही गोष्टी शेवटपर्यंत एका ठिकाणी जमल्या नाहीत. २०१४ मध्ये तिचा लिलाव झाला, सुमारे ६० कोटी रुपयांना. काही नागरिक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये याचिका फेटाळली गेली आणि नोव्हेंबरात दारूखान्यात तिच्यावर गॅस कटर चालू लागले. तिच्या थोड्या पोलादातून पुढे एका कंपनीच्या मोटारसायकली निघाल्या, थोड्यातून मुंबईत एक स्मारक-शिल्प झाले.

हीच गोष्ट पुन्हा घडली. 'विराट' ही दुसरी विमानवाहू नौका मार्च २०१७ मध्ये निवृत्त झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गातील निवतीजवळ तिचे संग्रहालय करण्याच्या ८५२ कोटींच्या योजनेला मंजुरी दिली. कागदावर सर्व ठीक होते. २०२० च्या सप्टेंबरात विराट गुजरातच्या अलंग किनाऱ्यावर तोडण्यासाठी पोहोचली.

आता त्या मुलीचा प्रश्न. पैसे जमवले असते तर? याचे उत्तर शोधताना आम्हांला १९६१ हेच वर्ष पुन्हा दोन ठिकाणी सापडले, एकदा जपानमध्ये आणि एकदा अमेरिकेत.

जपानमधील योकोसुका गावी 'मिकासा' नावाची युद्धनौका आहे. १९०५ मध्ये त्सुशिमाच्या लढाईत अॅडमिरल तोगो याच नौकेवर होते आणि त्यांनी रशियाच्या आरमाराचा धुव्वा उडवला. पुढे १९२२ च्या वॉशिंग्टन तहामुळे मोठ्या युद्धनौका कमी करायच्या ठरल्या. तेव्हा मिकासाचा तळ किनाऱ्यावर काँक्रीटमध्ये कायमचा रोवून टाकला, म्हणजे ती पुन्हा कधी समुद्रावर जाणार नाही, आणि १९२६ मध्ये तिचे स्मारक केले. पण दुसऱ्या महायुद्धात जपान हरला आणि या स्मारकाचे दिवस फिरले. तोफा, डोलकाठ्या, धुराडी काढून नेली गेली. ज्या डेकवर तोगो उभे राहिले होते तेथे नाचघर आणि मत्स्यालय निघाले.

१९५५ मध्ये एका इंग्रज गृहस्थाने ही दुर्दशा पाहून जपानमधील एका इंग्रजी वृत्तपत्राला पत्र लिहिले. मिकासा बांधली गेली इंग्लंडमधील बॅरो या गावी आणि हे गृहस्थही त्याच गावचे. त्या पत्राने लोक जागे झाले. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे अमेरिकेचे अॅडमिरल निमित्झ, ज्यांनी महायुद्धात जपानच्याच आरमाराला हरवले, त्यांनी मिकासासाठी लेख लिहिला आणि मदत केली. चिली देशाची एक जुनी युद्धनौका त्याच सुमारास जपानमध्ये तोडली जात होती, तिचे सुटे भाग मिकासाला बसवले गेले. २७ मे १९६१ रोजी ती पुन्हा लोकांसाठी उघडली. आज तिच्यावर दिसणाऱ्या मोठ्या तोफा प्रतिकृती आहेत, पण खालचे जहाज तेच आहे. शत्रूच्या शौर्याचा मान ठेवणारा माणूस आणि नाचघरामुळे अस्वस्थ होणारा परका पाहुणा, या दोघांचे नाव मुलांना सांगण्यासारखे आहे असे आम्हांला वाटते.

दुसरी गोष्ट तर थेट शाळेतल्या मुलांचीच आहे. 'नॉर्थ कॅरोलिना' ही अमेरिकेची अवजड युद्धनौका. इंग्रजीत अशा नौकेला बॅटलशिप म्हणतात. अंगावर जाड पोलादी चिलखत, सुमारे ७२८ फूट लांबी आणि १६ इंच तोंडाच्या ९ तोफा. १६ इंच म्हणजे किती, हे आपल्या फूटपट्टीवर पाहावे आणि मग एवढ्या तोंडाचा गोळा कल्पनेत आणावा. प्रशांत महासागरातील अनेक मोहिमांत ती लढली. १९४७ मध्ये निवृत्त झाली आणि १९५८ मध्ये ती भंगारात काढायचे घाटू लागले.

तेव्हा त्याच नावाच्या राज्यातील विल्मिंग्टन गावच्या लोकांनी ती वाचवायची मोहीम काढली. श्रीमंतांनी दिले ते दिलेच, पण राज्यातील सुमारे ७ लाख शाळकरी मुलांनी आपल्या खाऊची नाणी दिली. एकूण सुमारे ३ लाख ३० हजार डॉलर जमले. २ ऑक्टोबर १९६१ रोजी टगबोटींनी ओढत ती विल्मिंग्टनच्या नदीत आणली. एवढे मोठे धूड अरुंद नदीत वळवताना काठाशी असलेल्या एका तरंगत्या उपाहारगृहाला धडक बसली, तेही गावकऱ्यांनी हसून आठवणीत ठेवले. १९६२ मध्ये महायुद्धात प्राण दिलेल्या त्या राज्यातील १० हजारांहून अधिक लोकांचे स्मारक म्हणून ती समारंभपूर्वक अर्पण झाली.

म्हणजे मुलीचे म्हणणे खरे ठरले. पैसे जमवता येतात, मुलेही जमवू शकतात. पण गोष्ट येथे संपवली तर आम्ही अर्धेच सांगितले असे होईल, आणि अर्धे सांगणे हे शिक्षकाचे काम नव्हे.

जहाज हे पाण्यात चालत राहण्यासाठी बनवलेले असते. नौदलात असताना शेकडो, हजारो खलाशी रोज ते खरवडतात, रंगवतात, तेल घालतात. ठराविक काळाने ते सुक्या गोदीत नेऊन त्याचा तळ साफ करतात. संग्रहालय झाले की हे हात एकदम नाहीसे होतात. उरतात थोडे कर्मचारी आणि रविवारी येणारे स्वयंसेवक. पाणी मात्र सुट्टी घेत नाही. पाण्याची पातळी जेथे जहाजाला टेकते, त्या पट्ट्यात हवा, मीठ आणि ओल तिन्ही एकत्र येतात आणि तेथे पत्रा सर्वांत लवकर खातो. वरून पावसाचे पाणी लाकडी डेकमधून झिरपते आणि आतल्या खोल्या कुजवते. बाहेरून रंग लावलेले जहाज देखणे दिसते, पण आत त्याचा पत्रा कागदासारखा झालेला असतो.

याचे मोठे उदाहरण 'टेक्सास'. दोन्ही महायुद्धांत लढलेली आणि आजही शिल्लक असलेली ही एकच बॅटलशिप. १९१४ मध्ये नौदलात आलेली ही नौका १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर तोफा डागत होती. तेथे शत्रू आत सरकला आणि तोफा पोचेनात, तेव्हा खलाशांनी जहाजाच्या एका कुशीत मुद्दाम पाणी भरले, जहाज कलते केले आणि तोफांची तोंडे वर करून मारा चालू ठेवला. १९४८ मध्ये ती अमेरिकेत संग्रहालय झालेली पहिली बॅटलशिप ठरली. त्या दिवशी केवढा सोहळा झाला असेल! पण सोहळ्यानंतर तिच्याकडे पुरेसा पैसा नव्हता. लाकडी डेक कुजला तेव्हा १९६८ मध्ये त्यावर चक्क काँक्रीट ओतले. ती सुक्या गोदीत गेली ती थेट १९८८ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी. पुढे पुन्हा गळती लागली आणि २०१२ मध्ये तर पाणी इतके आत येऊ लागले की पंप कमी पडू लागले. १९४४ मध्ये शत्रूवर मारा करण्यासाठी जे पाणी मुद्दाम आत घेतले होते, तेच पाणी आता न बोलावता येत होते.

२०१९ मध्ये टेक्सास राज्याने दुरुस्तीसाठी साडेतीन कोटी डॉलर मंजूर केले. ३१ ऑगस्ट २०२२ रोजी, वाटेत बुडू नये म्हणून पोकळ्यांत फोम भरून, तिला गॅल्व्हेस्टनच्या गोदीत नेले. तेथे तळाचे कित्येक टन पोलाद बदलले आणि मार्च २०२४ मध्ये ती पुन्हा पाण्यावर आली. जी कामे दरवर्षी थोडी थोडी व्हायला हवी होती, त्यांची सगळी थकबाकी व्याजासह अशी एकदम भरावी लागली.

नॉर्थ कॅरोलिनाच्या लोकांनी यातून शहाणपण घेतले. त्यांनी जहाज गोदीत ओढत नेण्याऐवजी जहाजाभोवतीच पोलादी भिंत उभारली, म्हणजे आतले पाणी उपसून जागच्या जागी पत्रे बदलता येतात. तेथे रोजचा खर्च मुख्यतः तिकिटे, दुकान आणि देणग्या यांतून निघतो. १९६१ मध्ये नाणी देणारी मुले आज सत्तरीत आहेत आणि नातवंडांना घेऊन ते जहाज बघायला जातात. जहाज टिकले याचे कारण फक्त ती नाणी नव्हेत. नाणी संपल्यावरही कोणीतरी दर महिन्याला हिशेब ठेवत राहिले, म्हणून ते टिकले.

आपल्या देशातही असे उदाहरण आहे. 'कुरसुरा' ही पाणबुडी २००१ मध्ये निवृत्त झाली आणि २००२ पासून विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून उभी आहे. ती लहान आहे आणि मुख्य म्हणजे ती वाळूवर, काँक्रीटच्या आधारावर ठेवली आहे, पाण्यात नाही. ज्यांनी हे ठरवले त्यांनी अंथरूण पाहून पाय पसरले, आणि म्हणून ती आजही मुलांना आतून पाहता येते. कारवारच्या किनाऱ्यावरही 'चपळ' ही छोटी क्षेपणास्त्र नौका अशीच जमिनीवर ठेवली आहे. दिवला 'खुकरी' ही नौका २०२२ मध्ये अशाच कामासाठी देण्यात आली.

काही पालक म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नाही, की ज्या देशात शाळांना छप्पर नाही तेथे ८५२ कोटी एका जुन्या जहाजावर का घालावे? आमचे प्रामाणिक मत असे, की प्रत्येक जहाज वाचवता येत नाही आणि वाचवूही नये. विक्रांतसारखी प्रचंड नौका आपल्या दमट, खाऱ्या हवेत पाण्यावर टिकवणे फार खर्चाचे होते, हे सत्य आहे. आमची तक्रार ती तोडली याबद्दल नाही. आमची तक्रार अशी, की १९९७ पासून २०१४ पर्यंत सतरा वर्षे आपण सगळे 'वाचवू, वाचवू' म्हणत राहिलो आणि 'सांभाळणार कोण, कशातून?' हे कोणी ठरवले नाही. पहिल्याच वर्षी स्पष्ट ठरले असते, तर निदान तिचा एक भाग, तिचा पूल, तिचा नांगर, तिची एक खोली जमिनीवर नीट बसवून पुढच्या पिढीला देता आली असती.

आपल्या ग्वाल्हेरला हे कळायला अवघड जाऊ नये. येथल्या सरदारांत आंग्रे घराणे आहे, त्याच कान्होजींच्या वंशाचे, ज्यांच्या गुराबा आणि गलबतांना पश्चिम किनाऱ्यावर युरोपीय दर्यावर्दी वचकून असत. त्यातले एकही गलबत आज शिल्लक नाही. दगडाचे सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग उभे आहेत, २०२५ मध्ये त्यांची जागतिक वारशात नोंदही झाली. पण ज्या जहाजांसाठी हे किल्ले बांधले, ती कशी दिसत होती हे मुलांना दाखवायला आपल्याकडे चित्रेच आहेत. दगड दुर्लक्ष सहन करतो. लाकूड आणि लोखंड करत नाही.

आता हे सर्व आज का लिहिले, ते विश्वस्त मंडळींच्या लक्षात आले असेलच. आपल्या विद्यालयाचे जुने सभागृह, त्याचे सागवानी छत आणि त्यात ठेवलेली माजी विद्यार्थ्यांची हस्तलिखिते, यांबद्दल मंडळात दोन मते आहेत. काहींना ते पाडून नवे बांधावे असे वाटते, काहींना जसेच्या तसे राखावे असे वाटते. राखावे म्हणणारे मोठ्या मनाने देणगीही देऊ करतात आणि त्यावर नावाची पाटी लावावी अशी इच्छाही ठेवतात. त्यात गैर काही नाही. परंतु गेल्या पावसाळ्यात छत गळून हस्तलिखितांचे एक कपाट भिजले, तेव्हा कौले सारायला माणूस बोलवायचा खर्च कोणत्या खात्यातून करावा, यावर तीन आठवडे गेले. दोष कोणा एकाचा नाही. आम्हीही त्यात आलोच, कारण त्या तीन आठवड्यांत आम्हांला स्वतः ताडपत्री टाकता आली असती.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, सभागृहासाठी येणाऱ्या प्रत्येक देणगीचा एक तृतीयांश भाग वेगळ्या देखभाल खात्यात ठेवावा, त्याच्या मुदलाला हात लावू नये आणि व्याजातून दरवर्षी मे महिन्यात, पाऊस येण्याआधी, छताची तपासणी व्हावी. दुसरी, हे जमणार नसेल तर तसे आजच मोकळेपणाने ठरवावे. मग सभागृहाची मापे घ्यावी, छायाचित्रे काढावी, हस्तलिखिते कोरड्या जागी हलवावी आणि सन्मानाने ते उतरवावे. हळूहळू कुजू देणे, हा तिसरा मार्ग मात्र आम्हांला मान्य नाही. तिसरी सूचना विद्यार्थ्यांसाठी. आठवी आणि नववीच्या मुलांनी एक नोंदवही ठेवावी. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सभागृहात एक फेरी मारावी आणि कुठे ओल आहे, कुठे वाळवी आहे, कोणती खिडकी लागत नाही, हे तारखेसह लिहून आमच्या टेबलावर ठेवावे. पहिली नोंद येत्या महिन्यातच व्हावी.

ज्या मुलीने वर्गात प्रश्न विचारला, तिला आमचे उत्तर असे: होय बाळ, आपण पैसे जमवू शकलो असतो. पण पैशांबरोबर ही नोंदवहीही लागली असती, आणि ती दर महिन्याला भरणारा कोणीतरी. त्या वहीचे पहिले पान तूच लिहावेस अशी आमची इच्छा आहे.

आपला स्नेहाकांक्षी,
प्राचार्य